तिला बघू दे

मे महिना आला की लालबागच्या हवेला तिखट धार येते. मसाल्याच्या गाळ्यांपुढे मिरच्यांचे ढीग लागतात. बायका मूठभर मिरच्या उचलून हुंगतात, देठ मोडून बघतात, "मागच्या वर्षी रंगच आला नाही हो" म्हणून दुकानदाराला आधीच ओशाळं करून ठेवतात, आणि मग भाजलेला ऐवज कांडपाला जातो. माझा दवाखाना तिथून जरा आत, चाळीच्या तळमजल्यावर. दुपारी वारा फिरला की टेबलावर झोपलेला पेशंट शिंकतो, पाठोपाठ मी शिंकतो. छातीला नळी लावलेली असताना पेशंट शिंकला तर कानात काय स्फोट होतो, ते आम्हा डॉक्टर लोकांनाच ठाऊक.

याच दिवसांत गिरणगाव रिकामं होतं. गिरण्या गेल्या, नातवंडं कंपन्यांत लागली, तरी मे महिन्यात कोकणात जायचं हे काही सुटलेलं नाही. निघण्याआधी सगळे माझ्याकडे एक फेरी मारून जातात.

"डॉक्टरानु, गावाक जातंय. म्हयनोभराचे प्रेशरचे गोळये देवन ठेवा," राणेकाकू म्हणतात.

"देतो. पण फणस खाऊन साखर वाढवून येऊ नका."

"फणस खावचो नाय तर गावाक कित्याक जावचा? तुमचो गाव खंयचो?"

"माझं गिरगाव."

"ह्यो काय गाव? थंय झाडाक फणस लागतत?" असं म्हणून त्या माझी कीव करत पायऱ्या उतरतात.

राणेकाकू गेल्या, त्यांच्यामागोमाग माझा कंपाउंडर शिर्केही देवगडला गेला, की दवाखान्यात मी एकटा उरतो. पुड्या मीच बांधतो, इंजेक्शनची कुपी मीच फोडतो, बाळं मीच काट्यावर ठेवतो. आणि पेशंट येतात ते ज्यांना जायला गाव नाही, किंवा गाव आहे पण तिथे कुणी वाट बघत नाही असे. शिवडीच्या गोदामांकडची हमालांची कुटुंबं, पुलाखाली संसार मांडलेली माणसं, अर्धवट इमारतीच्या पत्र्याआड राहणारे बिगारी. वर्षभर हे लोक माझ्याकडे येतच असतात, पण बाकावरच्या गर्दीत मला ते नीट दिसत नाहीत. मे महिन्यात दिसतात. हातात वेळ असला की बघावं लागतं.

यंदा पुन्हा तो तिखट वास नाकात शिरला आणि काही वर्षांपूर्वीचा एक मे महिना समोर येऊन बसला. तसा तो दरवर्षीच येतो. मी त्याला पाणीही विचारत नाही. घरी बायकोला, मुलीला यातलं काहीही ठाऊक नाही. मी स्वभावानेच कमी बोलणारा. दवाखान्यात काय बोलतो तेवढंच, आणि तेही ठरलेलं. पाणी उकळून प्या. टेन्शन घेऊ नका. वय झालं, चालायचंच. तीस वर्षं तीच वाक्यं वापरून इतकी गुळगुळीत झाली आहेत की तोंडातून केव्हा निसटतात ते मलाही कळत नाही. यंदा म्हटलं, लिहून टाकावं.

त्या मे महिन्यात आरती आली. गोदामातल्या हमालाची बायको, मूळची बीडकडची, विशी जेमतेम ओलांडलेली. कडेवर पाच-सहा महिन्यांची मुलगी, गालावर रुपयाएवढी मोठी काजळाची तीट. उन्हाने पोट बिघडलं होतं. त्याआधीही ही पोर सर्दी-खोकल्यासाठी माझ्याकडे येऊन गेली होती आणि प्रत्येक वेळी मी तिचं कौतुक केलं होतं, एवढं मला आठवत होतं. रडत नाही, हात झटकत नाही, घसा बघू देते. "काय गुणी पोर आहे गं तुझी," असं मी म्हणायचो. आमच्या धंद्यात गुणी बाळ म्हणजे ज्याच्यामुळे रांग थांबत नाही ते.

त्या दिवशी शिर्के नव्हता, म्हणून मीच तिला उचललं. बाळं उचलण्याची सवय कधीच गेली होती माझी. बाळ उचललं की ते तुमच्या हातात एक अंदाज घेतं. अंग आखडतं, मान मागे टाकतं, हा कोण बाबा, अशा नजरेने तोंडाकडे बघतं आणि मग ठरवतं, रडायचं की चष्मा ओढायचा. हिने काहीच ठरवलं नाही. धुतलेल्या कपड्यांच्या गाठोड्यासारखी ती माझ्या हातांत राहिली. पोटाची कातडी चिमटीत धरून बघितली, अंगातलं पाणी किती गेलंय ते कळायला. दुखलं असणार. तिने वर फिरणाऱ्या पंख्याकडे बघितलं.

"काय गुणी..." मी सुरुवात केली आणि वाक्य अर्धंच राहिलं.

मी बॅटरी काढली. वाटलं, दृष्टीतच काही दोष असेल. उजेड डावीकडे नेला, तिची नजर डावीकडे गेली. उजवीकडे, उजवीकडे. बुबुळं छान, चपळ. मग बॅटरी विझवून माझा चेहरा तिच्यासमोर नेला. तिने नजर काढून घेतली. मी त्या बाजूला गेलो, तिने दुसरीकडे नेली. चुकून नाही, नेमकी. जसं आपण रस्त्यात कुणाला टाळतो. मला तिने ओळखलं नव्हतं असं नाही. माणूस म्हणून ओळखलं होतं, आणि माणसाकडून तिला काही नको होतं. पंख्याशी तिची ओळख होती.

एवढ्याशा बाळाला चेहऱ्याची केवढी भूक असते, हे मी शिकलो होतो आणि विसरलो होतो. जन्मलेल्या बाळाला लांबचं नीट दिसत नाही. छातीशी धरल्यावर आईचं तोंड जेवढ्या अंतरावर असतं, तेवढं मात्र दिसतं. कुणी ही सोय केली असेल? साऱ्या जगातून निवडून पहिल्यांदा दाखवायचं काय, तर एक तोंड. आणि मग दोन-तीन महिन्यांचं झालं की ते बाळ त्या तोंडाशी गप्पा सुरू करतं. भुवया वर, ओठांचा चंबू, एक "अग्गू". मग थांबतं. खरोखर थांबतं, समोरच्याला बोलायला जागा देतं. आमच्या असोसिएशनच्या मीटिंगमध्येही इतकं शिस्तीत कुणी बोलत नाही. माझी मुलगी तान्ही असताना बायको ओट्यापाशी तिला डाळीत काय काय घातलं ते सांगायची आणि पोरगी झोळीतून हुंकार द्यायची. मी पलीकडच्या खोलीत पेपर वाचत असायचो. जगातलं सगळ्यात जुनं संभाषण भिंतीपलीकडे चाललं होतं आणि मी क्रिकेटचा स्कोअर बघत होतो.

असोसिएशनचा विषय निघालाच आहे तर तेही सांगतो. त्याच वर्षी आधी कधीतरी, दादरच्या एका हॉलमध्ये आम्हा फॅमिली डॉक्टरांची बैठक होती. एक तरुण मनोविकारतज्ज्ञ मुलगी बोलायला आली होती. विषय, तान्ह्या बाळांचं मानसिक आरोग्य, आणि तेही गरीब वस्त्यांतलं. समोसे यायचे होते, त्यामुळे सगळे जागे होते. परळचे एक ज्येष्ठ उठले. "ताई, पोटात नाही तिथे मनाचं काय घेऊन बसलात?" दुसरे म्हणाले, "आमच्याकडे एका पेशंटला तीन मिनिटं. त्यात आईचं बीपी बघू की बाळाचं मन?" शिवच्या एका डॉक्टरीणबाईंचा प्रश्न मात्र खरा होता. "त्या बायकांना आधीच सगळे बोल लावतात. मूल बारीक, तू खात नाहीस. मूल आजारी, तू बघत नाहीस. आता मूल हसत नाही, हेही तिच्यावर ढकलायचं का? आणि कळलं तरी चिठ्ठी कुणाच्या नावाने लिहायची? जवळ आहे कोण?"

मग मी बोललो. मी, जो कधी बोलत नाही. "बाळाला कसलं टेन्शन हो? लोनचा हप्ता आहे का त्याच्या डोक्यावर?"

हॉल हसला. इतका हसला की मला आवडलं. ती मुलगीही हसली. मग हसू ओसरू दिलं आणि म्हणाली, "सर, बाळही आशा सोडतं. फक्त ते दवाखान्यात येऊन सांगत नाही. गप्प होतं, आणि आपण त्याला शहाणं म्हणतो."

समोसे आले.

ते वाक्य मला तेव्हा ऐकूही आलं नसावं. ते आलं मे महिन्यात, पंख्याकडे बघणारं ते गाठोडं हातात असताना. मी त्या तरुण डॉक्टरला फोन केला. लोनवाला डॉक्टर म्हणून तिने मला लगेच ओळखलं, आणि माझी काडीचीही टर न उडवता सगळं विचारून घेतलं. ऐकू येतं का ते तपासा. डोळे तपासून घ्या. आई रडते का, जेवते का, झोपते का, विचारा. जिवाचं काही करावंसं वाटतं का, हेही न घाबरता विचारा. आणि दोघींना एकत्र बघा, वेगवेगळं नाही. "तुमच्याकडे शांत जागा आहे ना, सर?"

मे महिन्यात होती. दुपारी दवाखाना बंद झाल्यावर आरतीला यायला सांगितलं. मोठ्या हॉस्पिटलात कान झाले, डोळे झाले. सगळं ठीक. आरती जेवत होती, झोपत होती, मरावंसं वाटत नव्हतं. पोरीला न्हाऊ-माखू घालत होती, अंगावर पाजत होती. पाजताना तोंड मात्र भिंतीकडे. बाळ कडेवर घ्यायची तेही बाहेर तोंड करून. आणि बारसं अजून केलंच नव्हतं. "बारकी म्हणतो," ती म्हणाली.

शेवटी मी सरळ विचारलं. "आरती, तू हिच्याकडे बघत का नाहीस?"

"बघते की." तिने बारकीचं झबलं सारखं केलं.

"माझ्यासमोर तरी कधी दिसलं नाही मला."

बाहेर कांडपाची धडधड चालली होती. मग म्हणाली, "माझी नजर वाईट हाय, डाक्टर."

मी चिडलोच. वाटलं, सासू असेल, नाहीतर कुणी बुवा. "कुणी भरवलं हे तुझ्या डोक्यात? नाव सांग. इथे बोलावून घेतो त्याला."

तिने मान वर केली. आवाजात राग नव्हता, तक्रारही नव्हती. "तुमीच बोलला होता ना."

तिचा पहिला मुलगा. तो गेला हे मला माहीत होतं. मोठ्या हॉस्पिटलात, ताप मेंदूत जाऊन. नवऱ्याला मी दोन शब्द सांत्वनाचेही बोललो होतो. पण त्याच्या आधीचं मला काही आठवत नव्हतं, ते आरतीने सांगितलं. पोराला लस दिल्यावर जरा कणकण आली म्हणून ती त्याला माझ्याकडे घेऊन आली होती. "मी त्याच्याकडं बघत बसले होते. मला लय ग्वाड वाटायचा तो. तर तुमी हसून बोलला, अगं किती बघशील? तुझीच दृष्ट लागायची त्याला. मी पण हसले. मग महिन्याभरात तो गेला."

मला खरंच आठवत नव्हतं. पण वाक्य माझंच होतं. त्याचा सूर, तो "अगं", ते लाडिक दटावणं, सगळं माझं. बाळाकडे बघून हरखलेली आई दिसली की मी हे म्हणत असे. औषधाच्या पुडीबरोबर फुकट. आपण त्यांच्यातलेच आहोत, असं त्यांना वाटावं म्हणून. घरातल्या मोठ्या माणसांचं बोलणं मी पांढऱ्या कोटातून बोलत होतो, आणि कोटातून बोललेलं निदान होतं, हे मला कधी सुचलं नव्हतं. किती जणींना म्हणालो असेन? किती जणी हसून घरी गेल्या असतील आणि पोराच्या पहिल्या तापाला त्यांना ते आठवलं असेल?

"माझा राग नाही आला तुला?"

"तुमचा कशाला? तुमी खरं बोलला. मीच ऐकलं नाही." आणि मग, जणू माझं समाधान व्हावं म्हणून, "तुमाला आधीच कळलं होतं. म्हणून तर हिला तुमच्याकडंच आणते."

माणसाला शिवी मिळाली तर तो उभा राहू शकतो. हा विश्वास घेऊन कसं उभं राहायचं?

मी समजावलं. मेंदूतला ताप कशाने येतो, जंतू कसा शिरतो, नजरेने काही होत नाही, मी बोललो ती थट्टा होती, चूक होती, माझी चूक होती. हात जोडले. ती घाबरून उठलीच. "असं नका करू, डाक्टर." सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हो, डाक्टर." हे "हो, डाक्टर" मी ओळखतो. दारू सोडा म्हटल्यावर येतं ते. एकदा मनात आलं, सरळ मीठ-मोहऱ्या आणाव्यात आणि माझ्या हातानेच ओवाळून टाकाव्यात. पण मग ती नजर खरीच होती, असं मीच पुन्हा सांगितल्यासारखं झालं असतं.

लोक मला विचारतात, तुम्हा फॅमिली डॉक्टरांना या बाबतीत काय वाटतं? हल्ली विचारतात, कारण मी हल्ली अशा बैठकांना पुढच्या रांगेत बसतो. मला वाटतं ते असं की आमच्या हातात औषध फार थोडं आहे आणि तोंडात फार आहे. गरिबाच्या घरात आम्ही बोललेला शब्द आमच्यापेक्षा जास्त दिवस राहतो. पोटाला नाही तिथे मनाचं काय, हा प्रश्न मी आता विचारत नाही. ज्या घरात दुसरं काहीच नसतं, तिथेही बाळाला देण्यासारखं एक तोंड असतं. तेवढं एक मी आरतीच्या घरातून काढून घेतलं होतं. पुढे गोदामांचं काम हललं आणि ती माणसं पनवेलच्या बाजूला कुठेशी गेली. बारकी आता शाळेत जात असेल. मला माहीत नाही. बरं झालं की नाही, याचा दाखला देता येईल असं माझ्याजवळ काही नाही. एक दुपार आहे फक्त.

ती दुपार यायच्या आधी मी आरतीला म्हणालो होतो, "बरं, तू नको बघूस. डोळे मीट. पण तोंड तिच्याकडे कर. तिला बघू दे."

तिने विचार केला. यात धोका नव्हता. नजर तिची वाईट होती, तोंड नव्हतं. खिडकीखालच्या बाकावर ती बसली, बारकीला मांडीवर उताणं घेतलं, पदर मागे सारला आणि डोळे मिटून चेहरा खाली झुकवला. फोटोसाठी बसावं तशी ताठ. मी टेबलापाशी पुड्या बांधत असल्याचं नाटक करत होतो.

पहिल्या दिवशी बारकीने पंखा बघितला. दुसऱ्या खेपेलाही पंखाच. मी पंखा बंद केला. मे महिन्यात, लालबागमध्ये. तिघंही घामाने निथळलो. तिने खिडकीचा उजेड बघितला. मग एका दुपारी ती नजर आईच्या कानातल्या डुलापाशी आली आणि पळाली. पुढच्या वेळी हनुवटीपाशी. चोरटी, जळेल की काय अशी. प्रत्येक वेळी थोडं जवळ आणि लगेच मागे. इतक्या वेळा दार बंद मिळालेलं माणूस पुन्हा कडी वाजवेल का? मी तर वाजवली नसती. ती वाजवत होती.

त्या दुपारी तिने आईचं तोंड बघायला सुरुवात केली आणि नजर काढली नाही. कपाळ, भुवया, ओठ, पुन्हा कपाळ. सगळं जग सोडून ते एवढंसं बाळ डोळे मिटलेलं एक तोंड वाचत होतं. मी पुडी बांधायची थांबलो. मला वाटलं, मी श्वास घेतला तरी मोडेल. बारकीच्या भुवया वर गेल्या. ओठ हलले, काही आलं नाही. पुन्हा हलले.

"अं," बारकी म्हणाली.

"अं?" आरतीच्या तोंडून गेलं. डोळे मिटलेलेच. तिला कळलंही नसेल.

बारकी चकित झाली. दोन्ही हात वर, पाय ताठ. ती थांबली. समोरच्याला जागा देऊन थांबतात तशी. मग पुन्हा, जरा मोठ्याने, "अंऽ." तिला कुणी हे शिकवलं नव्हतं. महिनोन् महिने कुणी उत्तर दिलं नव्हतं. तरी ते तिच्याजवळ कुठेतरी शाबूत होतं. तिने हात लांबवला आणि बोटं आईच्या पापणीवर ठेवली. चाचपून बघितली. उघडतं का?

आरतीने डोळे उघडले.

कुणीच हललं नाही. बारकीही नाही, आरतीही नाही. मग आरती मान न वळवता म्हणाली, "डाक्टर, तुमी तिकडं तोंड करा."

मी खुर्ची फिरवली आणि भिंतीकडे तोंड करून बसलो. रंगाचे पोपडे निघालेली भिंत होती ती. मागून आरतीचा आवाज आला, मी आधी कधी न ऐकलेला.

"काय गं? काय बघतीस माझ्याकडं?"

बारकीने सविस्तर सांगितलं. मी वळलो नाही.